कोठाराच्या दारावरचे पूर्वज

तुम्ही बाजरीची भाकरी नक्कीच खाल्ली असेल. हिवाळ्याच्या दिवसांत गरम भाकरी आणि तिच्यावर लोणी असले की दुसरे काही नको वाटते. महाराष्ट्रात जेथे पाऊस कमी पडतो, तेथे बाजरी पिकते. पण ही बाजरी मूळची कोठली, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ती मूळची आफ्रिका खंडातली. आफ्रिकेच्या पश्चिम भागात माली नावाचा देश आहे. तेथील तिलेम्सी खोऱ्यात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक बाजरी पिकवत होते, असा पुरावा सापडला आहे. पुढे हे धान्य आपल्या देशात आले आणि आपल्या ताटात कायमचे बसले.

आज आपण त्याच माली देशातल्या एका समाजाची ओळख करून घेणार आहोत. त्या समाजाचे नाव डोगोन. हे लोक बाजरी पिकवतात, कांदा पिकवतात आणि लाकडात माणसे कोरतात. त्यांनी कोरलेली लाकडी शिल्पे आज न्यूयॉर्क आणि पॅरिस येथील मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवलेली आहेत. दुरून दुरून लोक ती पाहायला येतात. पण ही शिल्पे पाहण्यासाठी केलेलीच नव्हती. मग ती कशासाठी केली होती? ती गावातून बाहेर कशी गेली? आणि त्यांचा अर्थ कोण सांगणार? या पाठात आपण हेच समजून घेऊ.

प्रथम नकाशा उघडा. आफ्रिकेच्या उत्तरेला सहारा हे जगातले सर्वांत मोठे उष्ण वाळवंट आहे. त्याच्या दक्षिणेला कोरड्या गवताळ प्रदेशाचा एक लांब पट्टा आहे. त्याला साहेल म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? तुमच्या उर्दूतला ‘साहिल’ तोच हा शब्द. तो अरबी आहे. साहिल म्हणजे किनारा. वाळूच्या समुद्राचा किनारा म्हणून हे नाव पडले. माली देशाचा बराचसा भाग याच पट्ट्यात येतो. बामाको ही मालीची राजधानी. हा देश पूर्वी फ्रान्सच्या ताब्यात होता. १९६० साली तो स्वतंत्र झाला.

मालीच्या मध्यभागी बांदियागारा नावाचा एक प्रचंड कडा आहे. हा कडा सुमारे १५० किलोमीटर लांब पसरलेला आहे. काही ठिकाणी त्याची उंची ५०० मीटरपर्यंत जाते. कड्याच्या वर खडकाळ पठार आहे आणि खाली वाळूचे मैदान आहे. सांगा, इरेली, तिरेली, बनानी अशी डोगोनांची गावे या कड्याच्या वर, उतारावर आणि पायथ्याशी वसलेली आहेत. घरे मातीची आणि दगडाची. खडकाचा आणि घरांचा रंग एकच. त्यामुळे दुरून पाहिले तर गाव कोठे संपते आणि डोंगर कोठे सुरू होतो, हे चटकन कळत नाही. १९८९ साली युनेस्को या संस्थेने या प्रदेशाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली.

डोगोन येण्यापूर्वी या कड्यात दुसरे लोक राहत होते. डोगोन त्यांना तेल्लेम म्हणतात. तेल्लेम लोकांनी उंच कपारींत मातीची कोठारे बांधली होती. आपल्या मृतांनाही ते कड्यातील गुहांत ठेवत. या गुहांत संशोधकांना कापड, धनुष्ये आणि झोपताना मानेखाली घ्यायच्या लाकडी उशा मिळाल्या. त्यांतील काही वस्तू सुमारे नऊशे वर्षांच्या जुन्या आहेत. लाकूड इतकी वर्षे टिकले कसे? एक तर गुहेतली हवा कोरडी. दुसरे म्हणजे तेथे पाऊस पोचत नाही आणि वाळवीही सहजी पोचत नाही. उघड्यावर ठेवलेले लाकूड मात्र पावसाने कुजते, नाहीतर वाळवी खाते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला उपयोगी पडणार आहे.

डोगोन लोक या भागात साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सुमारास आले, असे अभ्यासक मानतात. हल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी कड्याचा आश्रय घेतला असे सांगितले जाते. जागा सुरक्षित होती, पण सोपी नव्हती. माती थोडी, पाऊस वर्षातून तीन-चार महिनेच आणि तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी एका वर्षाचे धान्य पुढच्या पिकापर्यंत पुरवणे हाच जगण्याचा मोठा प्रश्न असतो. म्हणून डोगोनांच्या गावात माणसांच्या घरांइतकेच महत्त्व धान्याच्या कोठाराला आहे.

आपल्याकडे पूर्वी धान्य साठवायला कणगी, बळद किंवा पेव असे. डोगोनांचे कोठार म्हणजे मातीची उंच, चौकोनी खोलीच. दगडांच्या पायावर ती उभी केलेली असते, म्हणजे ओल आणि उंदीर यांपासून धान्य वाचते. वर गवताचे टोकदार छप्पर असते. ते टोपीसारखे दिसते. कोठाराला जमिनीपासून उंचावर एकच लहान दार असते. स्त्रियांचे कोठार वेगळे असते. त्यात त्या आपल्या मालकीच्या वस्तू ठेवतात.

डोगोनांची लाकडी कला पाहायची असेल तर या लहानशा दारापासून सुरुवात करावी लागते. काही दारांवर माणसांच्या आकृती ओळीने कोरलेल्या असतात. सगळ्या एकमेकींसारख्या, शेजारी शेजारी उभ्या. त्या त्या कुळातील पूर्वजांच्या आकृती असे त्यांचे स्पष्टीकरण दिले जाते. काही दारांवर सरडे, मगरी किंवा कासवे दिसतात. जणू घरातील वडीलधारी माणसे दाराशी उभी राहून सांगत आहेत, “हे धान्य आमच्या घामाचे आहे. जपून वापरा.”

दाराला कुलूपही लाकडाचेच असते. कुलूप हा मराठी शब्द अरबी ‘कुफ्ल’ या शब्दावरून आला आहे. तुम्ही उर्दूत तो वाचला असेल. डोगोनांचे कुलूप कसे चालते ते पाहा. दारावर एक उभा ठोकळा बसवलेला असतो. त्यातून एक आडवा अडसर सरकतो. ठोकळ्याच्या पोटात लहान लहान खुंट्या सैल ठेवलेल्या असतात. अडसर आत सरकवला की या खुंट्या आपल्या वजनाने खाली पडतात आणि अडसराच्या भोकांत बसतात. आता अडसर हलत नाही. उघडण्यासाठी किल्ली असते. तिच्या टोकाला दाते असतात. किल्ली आत घालून वर उचलली की दाते त्या खुंट्यांना वर ढकलतात आणि अडसर सुटतो. किती सोपी आणि हुशार युक्ती! या ठोकळ्याच्या माथ्यावर बहुधा एक किंवा दोन माणसांची डोकी कोरलेली असतात. म्हणजे कुलूप हे यंत्रही आहे आणि शिल्पही आहे.

घराच्या छपरावर चढायला शिडी लागते. डोगोनांची शिडी दोन बांबूंची नसते. झाडाचा एकच जाड सोट घेतात. तो वरच्या टोकाला दुभंगलेला असतो. त्यात पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडतात. झाली शिडी! वापरून वापरून या खाचा गुळगुळीत होतात.

गावाच्या मध्यभागी एक विशेष जागा असते. तिला तोगुना म्हणतात. आपल्या गावातील चावडी किंवा पार म्हणा ना! गावातील वयस्क पुरुष दुपारी तेथे बसतात, विश्रांती घेतात आणि गावाचे प्रश्न सोडवतात. तोगुनाला भिंती नसतात. खांबांवर बाजरीच्या वाळलेल्या ताटांचे जाड छप्पर घातलेले असते. त्यामुळे कडक उन्हातही आत गारवा राहतो. पण हे छप्पर फार बुटके असते. आत ताठ उभे राहताच येत नाही. असे का बरे? डोगोन त्याचे कारण सांगतात. बोलता बोलता माणसाला राग येतो. राग आला की माणूस ताडकन उठतो. येथे उठला तर डोके छपराला आपटते. म्हणून बसूनच बोलावे लागते. बसून बोलले की भांडण वाढत नाही. मैदानातील काही गावांत तोगुनाचे खांब लाकडाचे असतात आणि त्यांवर स्त्रियांच्या आकृती कोरलेल्या असतात. पुरुषांची बैठक, पण तिचे छप्पर तोलून धरले आहे ते स्त्रियांच्या आकृतींनी. यावर तुम्हीच विचार करा.

आतापर्यंत आपण रोजच्या वापरातल्या वस्तू पाहिल्या. आता मूर्तींकडे वळू. डोगोनांच्या जुन्या धर्मात सर्व सृष्टी निर्माण करणाऱ्या देवाला अम्मा म्हणतात. उच्चार आपल्या ‘अम्मी-अम्मा’मधील अम्मासारखाच आहे, पण अर्थ आई असा नाही. अम्माने प्रथम नोम्मो नावाचे जुळे जलदेव निर्माण केले, अशी त्यांची कथा आहे. पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावून बसणाऱ्या लोकांच्या कथेत पाण्याला इतका मान असावा, यात नवल नाही. या धर्मात पूर्वजांनाही मोठे स्थान आहे. मेलेला माणूस घरापासून तुटत नाही. त्याची आठवण ठेवली, त्याला मान दिला तर तो कुटुंबाला पाऊस, पीक आणि मुलेबाळे मिळवून देण्यास मदत करतो, असा विश्वास होता.

मूर्ती कोरण्याचे काम लोहार करतात. आपल्याकडे लाकडाचे काम सुताराचे आणि लोखंडाचे काम लोहाराचे. डोगोनांत मात्र दोन्ही कामे लोहारच करतो. शेताची कुदळ तोच घडवतो आणि मूर्तीही तोच कोरतो. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे आडव्या पात्याचे, लाकूड तासायचे वाकस. एकाच ओंडक्यातून तो संपूर्ण मूर्ती काढतो. तुकडे जोडत नाही. म्हणून अनेक मूर्ती ओंडक्यासारख्या उंच आणि सडपातळ असतात आणि त्यांचे हात अंगाजवळ असतात. चेहरा शांत असतो. नाक बाणाच्या टोकासारखे सरळ. एखाद्या ठरावीक माणसाचा हुबेहूब चेहरा काढणे हा या कलाकाराचा हेतू नसतो.

काही मूर्तींनी दोन्ही हात वर उचललेले असतात. तुम्ही दुआ मागताना हात वर करता. तसेच हे हात देवाकडे पाऊस मागत आहेत, असा त्यांचा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. काही मूर्ती घोडेस्वारांच्या आहेत. त्या भागात घोडा बाळगणे सोपे नव्हते. म्हणून घोडा हे सत्तेचे आणि मानाचे चिन्ह ठरले. होगोन नावाच्या धर्मप्रमुखासाठी कोरलेल्या काही लाकडी पात्रांच्या झाकणावरही असा घोडेस्वार दिसतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एक प्रसिद्ध डोगोन शिल्प आहे. त्याची उंची सुमारे ७३ सेंटिमीटर आहे. एक पुरुष आणि एक स्त्री एकाच आसनावर शेजारी शेजारी बसलेले आहेत. पुरुषाचा हात स्त्रीच्या गळ्याभोवती आहे. त्याच्या पाठीवर बाणांचा भाता आहे. तिच्या पाठीवर मूल आहे. तो घराचे रक्षण करतो, शिकार आणतो. ती मुलांना वाढवते. समोरून पाहिले तर भाता दिसत नाही आणि मूलही दिसत नाही. ही दोन्ही ओझी पाठीमागे आहेत. दोघांची उंची जवळजवळ सारखी आहे. त्यांच्या आसनाला चार लहान आकृत्यांनी आधार दिलेला आहे. त्या पूर्वजांच्या असाव्यात असे मानतात. एका लहानशा शिल्पात संसाराचा केवढा मोठा अर्थ भरला आहे, पाहा!

पण अशा मूर्ती दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासाठी नव्हत्या. त्या देवघरात किंवा घरातल्या अंधाऱ्या जागी ठेवत. विधीच्या वेळी त्यांच्यावर बाजरीची पेज ओतत, कधी बळी दिलेल्या प्राण्याचे रक्त ओतत. वर्षानुवर्षे असे केल्याने काही मूर्तींवर जाड, भेगाळलेला थर जमला आहे. त्याखाली नाक-डोळेही नीट दिसत नाहीत. आपल्याला वाटेल, मूर्ती खराब झाली. पण हा थर म्हणजे अनेक पिढ्यांनी केलेल्या प्रार्थनांची नोंदच आहे.

मुखवट्यांची गोष्ट वेगळी आहे. मुखवटा म्हणजे तोंडावर बांधायचा दुसरा चेहरा. मूर्ती लोहार कोरतो; मुखवटे मात्र नाचणारे तरुण बहुधा स्वतःच कोरतात. गावातील मोठी माणसे वारली की काही वर्षांनी दामा नावाचा मोठा समारंभ होतो. मृतांचे आत्मे आता गाव सोडून पूर्वजांकडे जावेत आणि गावाचे सुतक संपावे, हा त्याचा उद्देश. त्या वेळी मुखवटे घालून पुरुष नाचतात. अंगावर लाल, काळ्या, पिवळ्या रंगात रंगवलेले तंतूंचे झगे असतात. ससा, तरस, माकड, हरीण असे कितीतरी मुखवटे असतात. सिरिगे नावाचा मुखवटा तर चार-पाच मीटर उंच असतो. तो अनेक मजल्यांच्या घरासारखा दिसतो. तेवढी लांब फळी दातांत धरून नर्तक पुढे वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याची मान किती मजबूत असेल!

सर्वांत प्रसिद्ध मुखवटा कानागा. त्याच्या माथ्यावर एक उभी काठी आणि दोन आडव्या पट्ट्या असतात. नर्तक कमरेतून गोल वळतो आणि मुखवट्याचे टोक जमिनीला लावतो. सातिम्बे नावाच्या मुखवट्यावर एका स्त्रीची आकृती असते. मुखवटे प्रथम एका स्त्रीलाच सापडले, मग पुरुषांनी ते आपल्याकडे घेतले, अशी कथा आहे. मुखवटे घालण्याचा मान आज पुरुषांचा आहे. पण त्या पहिल्या स्त्रीची आठवण पुरुष डोक्यावर घेऊन नाचतात.

दर साठ वर्षांनी सिगी नावाचा याहून मोठा उत्सव येतो. तो एका गावातून दुसऱ्या गावात जात जात काही वर्षे चालतो. त्यासाठी एक फार लांब मुखवटा कोरतात. तो कोणी घालत नाही. उत्सवानंतर तो गुहेत जपून ठेवतात. मागचा सिगी १९६७ ते १९७३ या काळात झाला. जाँ रूश आणि जर्मेन दितेरलाँ या फ्रेंच अभ्यासकांनी त्याचे चित्रीकरण केले. १९६७ मध्ये साठ मिळवा. किती आले? २०२७. म्हणजे पुढचा सिगी त्या वर्षी सुरू व्हावा, असा हिशेब आहे. माणसाच्या आयुष्यात सिगी एकदा, फार तर दोनदा येतो. त्यामुळे मागचा उत्सव पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी नव्या मुलांना सर्व काही शिकवले, तरच तो पुढे चालतो.

आता आपण एका अवघड प्रश्नाकडे येऊ. या शिल्पांचा अर्थ आपल्याला कोणी सांगितला? १९३१ साली फ्रान्सहून एक मोठी अभ्यास-मोहीम आफ्रिकेत आली. मार्सेल ग्रिओल हे तिचे प्रमुख होते. ते डोगोन प्रदेशात पुन्हा पुन्हा येत राहिले. १९४६ साली ओगोतेम्मेली नावाच्या एका वृद्ध, अंध शिकाऱ्याने त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. तेहेतीस दिवस दोघे बोलत होते. ओगोतेम्मेली यांनी सृष्टीच्या उत्पत्तीची मोठी कथा सांगितली. त्या कथेत पहिला लोहार आकाशातून विस्तव चोरतो आणि धान्याचे कोठार घेऊन पृथ्वीवर येतो. कोठार इतक्या जोराने जमिनीवर आदळते की लोहाराचे हातपाय मोडतात. जेथे मोडतात तेथे कोपर आणि गुडघे तयार होतात. सांधे झाले म्हणून माणूस कुदळ चालवू शकला, काम करू शकला! ग्रिओल यांनी १९४८ साली या संभाषणांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि डोगोन जगभर प्रसिद्ध झाले. डोगोनांची शिल्पे समजावून सांगताना लोक या पुस्तकाचा आधार घेऊ लागले.

पुढे वाल्टर फान बेक हे डच अभ्यासक तिरेली गावात बरीच वर्षे काम करत होते. त्यांनी गावकऱ्यांना याच कथा विचारल्या. त्यांतील पुष्कळ कथा गावकऱ्यांनी ऐकलेल्याच नव्हत्या. १९९१ साली त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले. त्यावर मोठा वाद झाला. काहींनी फान बेक यांची बाजू घेतली, काहींनी ग्रिओल यांची. कानागा मुखवट्याचेच उदाहरण घ्या. कोणी म्हणते, तो पक्षी आहे. कोणी म्हणते, ते आकाश आणि पृथ्वी यांच्याकडे पसरलेले देवाचे हात आहेत. यावरून आपण काय शिकावे? एका माणसाने सांगितलेला अर्थ हा सगळ्या समाजाचा अर्थ असतोच असे नाही. सामान्य गावकरी, लोहार, धर्मप्रमुख आणि अभ्यासक यांना एकच मूर्ती वेगवेगळी दिसू शकते. म्हणून ‘याचा अर्थ असाच’ असे ठासून सांगण्याआधी ‘हे कोणी सांगितले?’ असे विचारावे.

दुसरा प्रश्न याहून दुःखाचा आहे. ही शिल्पे गावातून बाहेर कशी गेली? काही लोकांनी ती स्वखुशीने विकली. दामा झाल्यानंतर जुन्या मुखवट्यांचे काम संपते. ते गुहेत टाकून देतात किंवा विकतात. आज बरेच डोगोन मुसलमान आहेत, काही ख्रिस्ती आहेत. डोगोन गावांत मातीच्या सुंदर मशिदीही आहेत. धर्म बदलल्यावर काही घरांनी जुन्या मूर्ती ठेवल्या नाहीत. पण सगळ्याच वस्तू अशा गेल्या नाहीत. १९३१ च्या मोहिमेचे सचिव मिशेल लेरिस यांनी आपली रोजनिशी १९३४ साली छापली. मोहिमेतील लोकांनी काही गावांतून पवित्र वस्तू दटावून किंवा गुपचूप कशा उचलल्या, हे त्यांनी स्वतःच तीत लिहून ठेवले आहे. पुढे परदेशात या कलेला मोठी किंमत येऊ लागली. मग चोरटे आले. कोठारांची दारे गेली, कुलपे गेली, गुहांतील वस्तू गेल्या. दुष्काळाच्या वर्षी घरात दाणा नसला की कोठाराचे दार विकण्याचा मोह होतोच. ज्याने दार विकले त्याला थोडे पैसे मिळाले. परदेशात त्याच दाराची किंमत कितीतरी पट झाली.

चोरीने आणखी एक नुकसान होते. वस्तू कोठे होती, कोणाची होती, तिचा उपयोग काय होता, ही माहिती चोर बरोबर नेत नाही. शिल्प काचेच्या कपाटात जाऊन बसते, पण ते मुके होते. लाकूड टिकते, अर्थ हरवतो.

यावर उपाय होऊ लागले. मालीने १९८५ साली आपल्या सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणासाठी कायदा केला. १९९३ साली अमेरिकेने बांदियागारा कड्यातील आणि नायजर नदीच्या खोऱ्यातील प्राचीन वस्तू बेकायदा देशात आणण्यास बंदी घातली. पण सर्वांत छान उपाय एका डोगोन गावातून आला. त्या गावाचे नाव फोंबोरी. तेथे १९९७ साली एक ‘संस्कृती बँक’ सुरू झाली. ही बँक कशी होती, ऐका. घरातली जुनी वस्तू गावच्या संग्रहालयात ठेवायची. ती विकायची नाही; मालकी घराचीच राहते. तिच्या बदल्यात छोटे कर्ज मिळते. त्या कर्जातून बियाणे घ्यावे, लहानसा धंदा करावा. आणि कर्ज किती मिळणार? ते वस्तूच्या बाजारभावावर ठरत नसे. त्या वस्तूची माहिती मालक किती सांगू शकतो, यावर ते ठरत असे. वस्तू कोणी केली, केव्हा वापरत, तिची गोष्ट काय, हे जितके चांगले सांगता येईल तितके कर्ज जास्त. म्हणजे आजोबांची आठवण हीच तारण! माणसे वस्तूही जपू लागली आणि तिची गोष्टही.

दुर्दैवाने २०१२ पासून मालीत अशांतता आहे. २०१८ नंतर बांदियागारा भागातही फार हिंसा झाली. डोगोन आणि शेजारचे पशुपालक फुलानी पूर्वी एकमेकांच्या गरजा भागवत असत. एकाकडे धान्य, दुसऱ्याकडे दूध. आता दोन्ही समाजांतली निरपराध माणसे मारली गेली. गावे जळाली, कोठारेही जळाली, हजारो लोकांना घरे सोडावी लागली. प्रवासी येईनासे झाले. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कारागिरांचे उत्पन्न गेले. अशा काळात दामा किंवा सिगी करणे सोपे नाही. तरीही जळालेली कोठारे पुन्हा बांधली जात आहेत. कारण बाजरी तर ठेवायलाच हवी.

मित्रांनो, पूर्वी सांगितलेली एक गोष्ट आठवा. उघड्यावरचे लाकूड फार काळ टिकत नाही. डोगोनांना हे चांगले माहीत होते. म्हणून दार कुजले की ते नवे दार कोरत. मुखवटा झिजला की नवा मुखवटा करत. त्यांची कला शेकडो वर्षे टिकली ती कोरणारा हात आणि अर्थ सांगणारे तोंड पिढ्यान्‌पिढ्या टिकल्यामुळे. लाकडापेक्षा आठवण अधिक टिकाऊ ठरली. ती मात्र रोज जपावी लागते.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. आजीचा पानदान, आजोबांचा अडकित्ता, लाकडी रेहल, जुना पाळणा किंवा नक्षीची पेटी. नक्षी हा शब्दही तुमच्या ‘नक्श’वरूनच आला आहे. ती वस्तू हातात घ्या. ती कोणी केली, कोठून आणली, तिला काय म्हणतात, तिच्यावर ही नक्षी का आहे, हे घरातील वडील माणसांना विचारा. ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आजच विचारा. वस्तू आणखी पन्नास वर्षे टिकेल, पण ती गोष्ट सांगणारे माणूस तेवढा काळ थांबणार नाही.